पदकाआधी कोण ऐकतं?

(इंदापूर तालुक्यात भरलेल्या एका महिला मेळाव्यात एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या पोरींनो,

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या शाळांमधून अठ्ठावीस वर्षं मी खेळाचा तास घेतला. संयोजक मैत्रिणींनी मला विषय दिला ‘मुली आणि खेळ’. या विषयावर बोलायचं म्हणजे काय बोलतात ते मला पाठ आहे. खेळानं शरीर कणखर होतं, आत्मविश्वास वाढतो, मुली कुठं कमी नाहीत. ते सगळं खरं आहे. पण आज ते बोलणार नाही. आज मी तुम्हाला ग्रीस देशातल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. ती शिडाची नाव चालवायची आणि त्यात तिनं ऑलिम्पिकचं सुवर्णपदक मिळवलं. तुम्ही म्हणाल, बाई इंदापूरच्या आणि गोष्ट ग्रीसची कशाला? धीर धरा. फिरून आपल्याला इथंच यायचं आहे.

शिडाची नाव आपण फारशी पाहिलेली नाही. आपल्याकडं उजनीच्या पाण्यात मच्छीमारांच्या होड्या असतात, माणसं पलीकडं नेणाऱ्या लाँची असतात. पण वारा आणि पाणी मिळून काय करू शकतात, हे या तालुक्याला शिकवावं लागत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून आपल्या कळाशीकडं येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्यांत लहान लेकरंही होती. तेव्हा पाण्यावरचा खेळ म्हणजे श्रीमंतांची मौज, एवढंच मनात ठेवून ऐकू नका. त्यात जीव मुठीत धरावा लागतो.

या शर्यतीत नावेला इंजिन नसतं आणि वल्हीही नसतात. फक्त शीड, सुकाणू आणि वारा. मी सांगते त्या बाईच्या नावेचा प्रकार ‘४७०’ म्हणून ओळखला जातो, कारण तिची लांबी ४.७० मीटर, म्हणजे साधारण साडेपंधरा फूट. नावेत दोघीच. एकीच्या हातात सुकाणू आणि मोठं शीड. दुसरी डोलकाठीला बांधलेल्या तारेवर स्वतःला अडकवून नावेच्या बाहेर, पाण्यावर लोंबकळत राहते, म्हणजे वाऱ्यानं नाव कलंडू नये. आणि वारा समोरून असेल तर नाव सरळ पुढं जात नाही. आधी डावीकडं तिरकं, मग उजवीकडं तिरकं, असं नागमोडी जात जात वाऱ्याच्या तोंडावर चढावं लागतं. कुठं वळायचं, कधी वळायचं, हे क्षणात ठरवावं लागतं. दोघींचा एकमेकींवर भरवसा नसेल तर नाव पालथी झालीच.

ऑलिम्पिकच्या इतिहासात पहिली विजेती बाई ठरली ती शिडाच्या नावेतलीच. १९०० साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये एलेन द पूर्तालेस ही बाई नवऱ्याबरोबर स्वित्झर्लंडकडून उतरली आणि त्यांची नाव जिंकली. पण बायकांसाठी या खेळात स्वतंत्र शर्यत सुरू व्हायला १९८८ साल उजाडलं, सोलचं ऑलिम्पिक. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं बाईनं पुरुषांच्या नावेत जागा मिळाली तर बसायचं. कागदावर बंदी नव्हती, पण जागा कोण देणार? हे आपल्याला नवीन नाही. ग्रामसभेला यायला आपल्याला तरी कुठं बंदी होती?

ज्या बाईची गोष्ट सांगतेय तिचं नाव सोफिया बेकातोरू. जन्म १९७७ चा, अथेन्सचा. लहानपणापासून ती नावेत बसायची. एमिलिया त्सुल्फा नावाच्या जोडीदारणीबरोबर तिनं ‘४७०’ नावेत २०००, २००१, २००२ अशी लागोपाठ जागतिक विजेतेपदं मिळवली. सुकाणू सोफियाच्या हाती, तारेवर एमिलिया. २००४ साली ऑलिम्पिक तिच्याच गावात, अथेन्सला झालं आणि घरच्या पाण्यावर दोघींनी सुवर्णपदक घेतलं. २००८ साली बीजिंगला तीन जणींच्या नावेत, आणखी दोघी सोबतिणी घेऊन, तिनं कांस्यपदक मिळवलं. दोन प्रकारच्या नावा आणि वेगळ्या जोडीदारणी, तरी पदक आलंच. २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये उद्घाटनाच्या संचलनात ग्रीसचा झेंडा तिच्या हातात होता. उन्हाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ग्रीसचा झेंडा धरणारी ती पहिली बाई. ऑलिम्पिक ज्या देशात जन्मलं आणि संचलनात ज्याचा मान पहिला, त्या देशाला झेंडा बाईच्या हाती द्यायला इतकी वर्षं लागली.

इथंच थांबले तर ही शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगायची गोष्ट झाली. जिद्द, मेहनत, यश. टाळ्या.

पण जानेवारी २०२१ मध्ये ही बाई एका जाहीर चर्चेत बोलली. खेळातल्या अत्याचारांविषयीच ती चर्चा होती. तिनं सांगितलं, की १९९८ साली, ती वीस-एकवीस वर्षांची असताना, परदेशात ऑलिम्पिकच्या तयारीच्या शर्यतींसाठी गेली होती. तिथं तिच्याच खेळाच्या राष्ट्रीय महासंघातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं कामाच्या निमित्तानं तिला हॉटेलातल्या खोलीत बोलावलं आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. ती ‘नाही’ म्हणत राहिली. तो थांबला नाही.

आता गणित करा. १९९८ ला हे घडलं. ती जागतिक विजेतेपदं त्याच्यानंतरची. सुवर्ण, कांस्य, रिओचा झेंडा, सगळं त्याच्यानंतरचं. म्हणजे जगानं तिला हसताना पाहिलं त्या प्रत्येक वेळी हे तिच्या पोटात होतं. बावीस वर्षं ती ते घेऊन वाऱ्यावर नाव चालवत होती.

त्या अधिकाऱ्यानं आरोप नाकारले, तो महासंघातल्या पदावरून गेला. तिनं सरकारी वकिलांपुढं जाऊन जबाब दिला. पण तिथल्या कायद्यानं अशा गुन्ह्याची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळं तिच्या तक्रारीवर खटला उभा राहू शकला नाही. म्हणजे न्यायालयात काही सिद्ध झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते. आपण चळवळीतल्या बायका आहोत, शब्द तोलून वापरावा. पण दुसरी बाजूही बघा. मुदत संपली की तिलाही निकाल मिळत नाही. ‘खरं काय ते न्यायालयात ठरू दे’ म्हणणारे पुष्कळ असतात, आणि न्यायालयाचं दार बंद झालेलं असतं.

तरीही तिच्या बोलण्यानं ग्रीस हलला. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कतेरिना साकेलारोपुलू, त्या पदावरची पहिलीच बाई, यांनी त्याच महिन्यात तिची भेट घेतली. पाठोपाठ दुसऱ्या खेळांतल्या मुली बोलल्या, मग नाटकातल्या नट्या, मग विद्यापीठांतल्या मुली. नावेच्याच खेळातली दुसरी एक मुलगी पुढं आली. तिच्या प्रशिक्षकानं ती अकरा वर्षांची असल्यापासून तिच्यावर अत्याचार केला होता. त्या प्रकरणात मुदत शिल्लक होती. खटला चालला आणि २०२२ साली प्रशिक्षकाला शिक्षा झाली. सोफियाला स्वतःला न्यायालयात न्याय मिळाला नाही, पण तिच्यामुळं त्या पोरीला मिळाला.

आता तो प्रश्न. तिथंही विचारला गेला, इथंही विचारला जातो, आणि खरं सांगा, आपल्या मनातही येतो. ‘इतकी वर्षं गप्प का बसली? आत्ताच का?’

मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं प्रश्न उलटा विचारायला हवा. १९९८ साली ती बोलली असती तर ऐकलं कुणी असतं? तेव्हा ती कोण होती? महासंघ ज्यांच्या हातात, त्यांच्यातल्याच एकाविरुद्ध ती बोलणार होती. नाव महासंघाची, परदेशी जाण्याचा खर्च महासंघाचा, निवड महासंघाची. आणि नावेत ती एकटी नव्हती. ती बाहेर पडली असती तर जोडीदारणीचंही ऑलिम्पिक बुडालं असतं. गळ्यात पदक पडलं, हातात देशाचा झेंडा आला, त्यानंतर तिचा शब्द जड झाला. लोकांनी ऐकलं ते सुवर्णपदकाचं ऐकलं. वीस वर्षांच्या मुलीचं कुणी ऐकलं नसतं, हे तिला वीसाव्या वर्षीच कळलेलं होतं.

आणि पदक असूनही ऐकतातच असं नाही. ते आपण आपल्या देशात पाहिलं.

नावेच्याच खेळात आपल्याकडं काय आहे? १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकपासून भारताचे पुरुष या खेळात जातायत. पहिली भारतीय बाई गेली ती २०२१ मध्ये, टोकियोला. चेन्नईची नेत्रा कुमानन. पहिल्या खेपेला ती पस्तिसावी आली, २०२४ ला पॅरिसमध्ये एकविसावी. पदक नाही, पण चढती कमान आहे. आपल्या मुंबईची श्वेता शेरवेगार २०१८ च्या आशियाई स्पर्धेत वर्षा गौतमबरोबर रौप्यपदक घेऊन आली. मुली येतायत. आणि २०२२ च्या जून महिन्यात काय झालं? भारतीय संघातल्या एका सायकलपटू मुलीनं परदेशी दौऱ्यातून तक्रार केली, की प्रशिक्षकानं खोलीच्या निमित्तानं गैरवर्तन केलं. त्याला काढून टाकण्यात आलं. त्याच आठवड्यात नावेच्या खेळातल्या एका मुलीनं तक्रार केली, की परदेशी दौऱ्यात प्रशिक्षकाच्या वागण्यानं तिला असुरक्षित वाटलं. १९९८ आणि २०२२. देश वेगळे, पण परदेशी दौरा, हॉटेल आणि मुलीच्या हाती काही नसणं, हे सगळं तेच.

मग २०२३. रिओला पदक आणणारी साक्षी मलिक, आशियाई सुवर्ण मिळवणारी विनेश फोगट आणि त्यांच्याबरोबरच्या पैलवान मुली दिल्लीत जंतरमंतरवर जाऊन बसल्या. आरोप कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर होता. त्यांनी आरोप नाकारले. पण साधा गुन्हा नोंदवून घ्यायला मुलींना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २८ मे २०२३ ला पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून ओढून नेलेलं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. २०२४ साली दिल्लीच्या न्यायालयानं आरोप निश्चित केले. गळ्यात ऑलिम्पिकचं पदक आहे त्या बाईला इतकं करावं लागतं. मग आपल्या निमगावच्या, पळसदेवच्या, सणसरच्या आठवी-नववीच्या पोरीनं काय करायचं? तिच्याकडं तर तालुक्याचं प्रमाणपत्रसुद्धा अजून नाही.

आता इथं मला माझं सांगायचं आहे. ते सांगण्यासाठीच आज आलेय.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. शाळेचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही आणि मुलीचं तर नाहीच. माझ्या कबड्डीच्या संघात एक मुलगी होती. नववीत. आई डाळिंबाच्या बागेत मजुरीला जायची. पोरीची चढाई अशी, की मध्यरेषा ओलांडली की समोरच्यांना घाम फुटायचा. जिल्ह्याच्या सामन्यांआधी तयारीसाठी बाहेरून एक सर यायचे. नावाजलेले होते. त्यांनी शब्द टाकला की मुलीची पुढं निवड व्हायची. आम्हाला ते आले याचाच अभिमान.

एक दिवस ती माझ्याकडं आली. म्हणाली, “बाई, मला संघात नको.”

“का गं?”

“सर मागं थांबाया सांगत्यात. एकटीला.”

एवढंच म्हणाली. पुढं काही बोलली नाही, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. मैत्रिणींनो, मला कळलं. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मी बाईमाणूस, मलाही सगळं ठाऊक होतं. पण सामना आठ दिवसांवर आला होता. संघ तिच्यावर उभा होता. मी म्हटलं, “असलं कुठं बोलू नको. तुझंच नाव खराब व्हायचं. उद्यापासून दोघी-तिघी मिळून थांबत जा.”

ती दोन दिवस आली. मग आली नाही. घरी गेले तर आई म्हणाली, “बाई, तिचं मनच लागंना खेळात. ऱ्हाऊ द्या.” त्या साली दहावीच्या आधीच तिचं लग्न लागलं. ते सर पुढं दुसऱ्या शाळांमध्ये जात राहिले. मी कुणाजवळ बोलले नाही. मुख्याध्यापकांजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही.

पुष्कळ वर्षांनी ती मला बारामतीच्या एसटी स्टँडवर भेटली. तिनंच ओळखलं. पाया पडली. जवळ लेक होती, दहा-अकरा वर्षांची. म्हणाली, “बाई, ही पळण्यात पहिली येती.” मग जरा थांबून विचारलं, “तिला शिकवायला बाई आहेत का सर, तेवढं बघून सांगाल का?”

मी तिला म्हटलं, “तेव्हा माझं चुकलं.” ती म्हणाली, “तुमी तरी काय करणार हुता?”

तिनं मला माफ केलं असेल, पण तिचं म्हणणं खरं नव्हतं. मी करू शकत होते. तिच्या शब्दावर विश्वास ठेवू शकत होते. त्या दिवसापासून मैदान सोडून न जाता तिथं उभी राहू शकत होते. मुख्याध्यापकांना सांगू शकत होते. सामना सोडू शकत होते. सोफियाची गोष्ट मी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मला सोफिया आठवली नाही, ही पोर आठवली. कारण सोफिया नावेत टिकली आणि बावीस वर्षांनी बोलली. ही मात्र लगेच बोलली होती. त्याच आठवड्यात, विश्वासाच्या माणसाजवळ. आणि मी तिला गप्प केलं. पोरी बोलत नाहीत असं आपण म्हणतो. पुष्कळ पोरी बोलतात. पहिल्या ऐकणाऱ्यापाशी त्यांचं बोलणं संपतं.

आज मी तसं वागले असते तर तो गुन्हा ठरला असता. हे सगळ्यांनी नीट लक्षात घ्या, विशेषतः इथं बसलेल्या शिक्षिका, अंगणवाडी ताई आणि आशाताईंनी. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आहे. अशा अत्याचाराची माहिती ज्याला आहे, त्यानं ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. शाळेच्या, संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलीला ठाण्यावर खेटे घालायला लावायचं नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा, असं कायदाच सांगतो.

दुसरा कायदा २०१३ चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा. भंवरीदेवीच्या लढ्यातून १९९७ साली विशाखा निकाल आला, आणि त्याचा कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं गेली, हे आपल्याला माहीत आहे. पण एक गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते. या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे फक्त ऑफिस आणि कारखाना नाही. क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेचं ठिकाण, हे सगळं त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. आणि तक्रार करणारी बाई तिथं नोकरीलाच असली पाहिजे असंही नाही. कुठल्याही वयाची, नोकरी असो नसो. म्हणजे सरावाला येणारी मुलगीसुद्धा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी, तिची प्रमुख बाई हवी, निम्म्या सदस्य बायका हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची.

मात्र या समितीकडं तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. फौजदारी गुन्ह्याचं वेगळं आहे. तीन वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात मुदत नाही, म्हणून बलात्काराची तक्रार वर्षांनंतरही करता येते. सोफियाचं दार ग्रीसमध्ये बंद झालं तसं इथं होत नाही. पण उशीर झाला की पुरावा जातो, साक्षीदार पांगतात. म्हणून पहिला आठवडा महत्त्वाचा. आणि त्या आठवड्यात मुलीसमोर जी बाई उभी असेल ती महत्त्वाची.

आता मला एक भीती आहे. हे ऐकून तुमच्यातल्या काही जणी घरी जाऊन म्हणतील, ‘बघा, म्हणून पोरीला मैदानावर पाठवू नये.’ तसं केलंत तर मी आज इथं येऊन नुकसानच केलं म्हणायचं. मुलगी घरी बसवली की त्या माणसाला काही होत नाही, मुलीचाच खेळ जातो. माझ्या त्या पोरीचं तेच झालं. खेळातून पोरींना काय मिळतं ते तुम्ही जाणता. दहावीला वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा, पोलीस भरतीत फायदा. शेतमजुराच्या पोरीला गावाबाहेर नेणारा हा एक रस्ता आहे. आणि म्हणूनच त्या रस्त्यावर सही-शिक्का घेऊन बसलेल्या माणसाच्या हातात एवढी ताकद येते. आपल्याला रस्ता बंद करायचा नाही. त्याच्या हातातली ताकद कमी करायची आहे.

ती कशी? मोठमोठं काही सांगत नाही. आपल्या गावातून करता येईल तेवढंच सांगते.

एक. ज्या शाळेत, ज्या अकादमीत, ज्या तालमीत तुमची मुलगी जाते तिथं जाऊन विचारा, अंतर्गत समिती आहे का? सदस्यांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावलेत का? एकटीनं विचारू नका, गटानं जा. बचत गटाच्या दहा जणी दारात उभ्या राहिल्या की संस्थाचालक खुर्ची देतात.

दोन. मुलींचा संघ मुक्कामाला बाहेरगावी निघाला की बरोबर एक बाई गेलीच पाहिजे. शाळा म्हणेल, खर्च कोण देणार? मग आळीपाळीनं आयांनी जायचं. एसटीचं भाडं आपल्या गटानं वर्गणीतून काढायचं. आपल्या राज्यात बाईला एसटीत अर्धं तिकीट आहे, तेही वापरा.

तीन. कुठलाही सराव दार लावून नाही, आणि एकट्या मुलीला थांबवून नाही. खोलीत बोलावणं नाही. मुलींच्या फोनवर रात्रीचे निरोप नाहीत. जो सर खरोखर चांगला आहे त्याला याचा त्रास होणार नाही. उलट तोही निर्धास्त राहील. चांगले सर खूप आहेत, त्यांच्यामुळंच मुली इथवर आल्या, हेही मी अठ्ठावीस वर्षं पाहिलंय.

चार. मुलींना तीन नंबर पाठ करून द्या. १०९८ मुलांसाठी, १८१ बायकांसाठी, ११२ पोलिसांसाठी.

पाच, आणि सगळ्यात अवघड. मुलगी काही सांगायला आली तर तिचं वाक्य पुरं होऊ द्या. ‘तू काय केलंस’ असं विचारू नका. ‘कुणाला सांगू नको’ असं म्हणू नका. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस’ एवढं म्हणा, आणि मग उठा.

२०२५ साली देशात खेळांच्या कारभाराचा नवा कायदा झाला. बायका आणि लहान खेळाडूंच्या संरक्षणाचं कलम त्यात आहे. चांगलं आहे. पण दिल्लीचं कलम भिगवणच्या मैदानावर आपोआप येत नाही. ते आपण आणायचं असतं.

माझ्या त्या मुलीच्या लेकीच्या शाळेत मी गेले. बाई होत्या, पण समिती नव्हती. आम्ही सात जणी चार खेपा गेलो, आता आहे. त्या पोरीला ऑलिम्पिकचं पदक मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक पोरींना मिळत नाही. पण तिला काही सांगायचं असेल तर त्यासाठी तिला आधी पदक मिळवावं लागू नये, आणि बावीस वर्षं थांबावं लागू नये.

पुढं बसलेल्या पोरींनो, तुमच्यापैकी कुणाला काही सांगायचं असेल तर जेवणानंतर मी त्या लिंबाखाली बसणार आहे. मला घाई नाही. शेवटची एसटी गेली तर मुक्काम करीन.